आप्पा असते तं दिले असते

या वेळचं पत्र अमळनेर तालुक्यातलं आहे. नाव देत नाही, दुकानाचं तर मुळीच नाही, आपल्याकडे दुकानाचं नाव सांगितलं की अर्ध्या तालुक्याला घर कळतं. पत्र बरंच मोठं होतं, कामापुरतं देते.

"ताई, नमस्कार. वय ३८. आमचं बी-बियाणं, खतं, औषधांचं दुकान आहे, आप्पांनी, म्हणजे वडिलांनी टाकलेलं. आप्पा मागच्या आषाढात गेले. त्या दिवशी बाजारपेठ बंद होती, एवढा गाव लोटला. त्यांनी घरासाठी केलं तसंच गावासाठी केलं. स्टॅण्डवरची पाणपोई, वैकुंठरथ, स्मशानात लाकडं, कुणाच्या पोरीची फी, दरवर्षीचं रक्तदान शिबिर. आता सगळे माझ्याकडे येतात आणि मी नाही म्हटलं की एकच वाक्य, 'आप्पा असते तं दिले असते.' दुकानाची उधारी चौदा लाखाच्या वर आहे, बरीचशी जुनी. त्यात एका पतसंस्थेची नोटीस आली, आप्पा दोन जणांना जामीन होते. मोठा भाऊ पुण्याला नोकरीला आहे, तो म्हणतो सगळी उधारी माफ करून टाक, आप्पांच्या नावाला शोभेल. वॉर्डातले लोक म्हणतात नगरपालिकेला उभा राहा. आणि वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायचं ठरलंय, त्यात आप्पांचा जीवनपट मी लिहायचा. दोन महिने झाले, 'दानशूर, कर्मयोगी' याच्या पुढे पेन सरकत नाही. मी आप्पांसारखा नाही हे मला माहीत आहे. काय करू? सोबत त्यांच्या लाल वहीच्या काही पानांचे फोटो पाठवतोय, अजून कुणाला दाखवले नाहीत."

भाऊ, पत्र मी एकदा वाचलं आणि वहीचे फोटो चार वेळा. चष्मा पुसून पुसून वाचले म्हणा ना, कारण आप्पांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. पण माणूस तुमच्या पत्रापेक्षा त्या नऊ फोटोंत जास्त दिसला मला. तुम्ही त्या पानांवर काय आहे ते नीट पाहिलंच नाही असं वाटतं, घाबरून नुसते फोटो काढले आणि पाठवून दिले.

प्रत्येक महिन्याच्या पानावर पहिली ओळ एकच आहे. "घरखर्च, सौ. कडे दिले." मग दुसरी ओळ, "धर्मादाय", आणि त्यापुढे एक ठरलेला आकडा, सहा-सहा महिने तोच, एखाद्या दिवाळीनंतर थोडा वाढलेला. आणि मग त्या आकड्यातून वजा होत गेलेलं बारीक बारीक. रांजण ४, कुंभारास. लाकूड ३ क्विंटल. रथाचं डिझेल. फी, अमक्याची नात. वजा होता होता महिना संपतो. सातव्या फोटोत, मधोमध, काय लिहिलंय वाचलं का? "शिल्लक नाही. पुढच्या महिन्यात या, सांगितले." आणि आठव्या फोटोत परत तेच, दोनदा!

म्हणजे आप्पा नाही म्हणायचे. दर महिन्याला कुणाला ना कुणाला नाही म्हणायचे आणि ते लिहून ठेवायचे. ज्याला नाही म्हटलं तो घरी जाऊन विसरला, ज्याला दिलं त्याने चाळीस जणांना सांगितलं, त्यामुळे आज गावात "आप्पा कधी नाही म्हणाले नाहीत" असं झालं आणि ते ओझं तुमच्या डोक्यावर बसलं. तुम्ही ज्या आप्पांसारखे नाही म्हणून रात्र रात्र जागून राहिले, ते तसे आप्पा नव्हतेच हो.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की त्यांची खाती वेगळी होती. धर्मादाय ही काही त्यांनी काढलेली गोष्ट नाही, आपल्याकडच्या आडतीच्या जुन्या हिशोबपट्ट्या पाहा, हमाली, तोलाई याच्याबरोबर धर्मादाय म्हणून चार पैसे कापलेले असायचे आणि त्यातून पाणपोया, धर्मशाळा, गोरक्षण चालायचं. आप्पांनी ती रीत दुकानात आणली एवढंच. पण उधारी ही धर्मादाय नव्हती. मृगाच्या आधी शेतकरी येतो, हातात पैसा नसतो, कपाशीचं पाकीट, युरिया, पहिल्या फवारणीचं औषध उधार नेतो आणि कापूस वेचून विकला की दिवाळीच्या पुढेमागे देतो, हा धंदा आहे, खान्देशातलं प्रत्येक कृषी केंद्र यावरच चालतं. तुमच्या फोटोत दुसरी खतावणी आहे ना, काळ्या पुठ्ठ्याची, तिच्यात नावाने बाकी ओढलेली आहे, पुढच्या सालाला नेलेली आहे. माफ करायची असती तर आप्पांनी ती दरवर्षी नव्या वहीत उतरवली असती का? तुम्ही दोन्ही वह्या एकत्र करून राहिले, लोक तर करूनच राहिले, आणि पुण्याचे भाऊही तेच करतायत.

आता भाऊंच्या माफीबद्दल. हे जरा कडक सांगते. आप्पांनी मृत्युपत्र केलं नव्हतं असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय, मग त्यांच्या मागे आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण असे चौघं वारस (आजी हयात नाही म्हणून चौघं, असती तर तिचाही हिस्सा असता) आणि चौघांचा वाटा सारखा. उधारी म्हणजे येणं, येणं म्हणजे मालमत्ता. ती माफ करायचा हक्क पुण्याच्या भाऊंना एकट्याला नाही आणि तुम्हालाही नाही. बहिणीला विचारलं का कुणी? तुमच्या पत्रात बहीण एकदाच येते, "आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आली होती" एवढ्यापुरती. चौदा लाखाचा चौथा हिस्सा तिचा आहे, ती झोके खेळायला आलेली पाहुणी नाही. चौघांना बसवा, आईला मधे बसवा, आणि जे ठरेल ते कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. एखाद्याची माफ करायची असेल, खरंच घरातला कर्ता गेलाय, जमीन गेलीय, तर करा ना, पण नाव घेऊन करा, सरसकट नको. सरसकट माफीत काय होतं माहितीये, ज्याने तंगीत असूनही आप्पा गेल्यावर चार हजार आणून दिले तो मूर्ख ठरतो आणि ज्याने बुलेट घेतली तो शहाणा.

वसुलीचं सांगते. उधारीचा दावा लावायची कायद्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. त्याच्या आत गिऱ्हाइकाने बाकी कबूल करून सही दिली की तिथून परत तीन वर्षं मोजायची. म्हणजे खतावणीचे दोन भाग करा, तीन वर्षांच्या आतलं आणि बाहेरचं. आतल्यांकडे आत्ता पैसे मागायला जाऊ नका, पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याकडे मागून काही मिळणार नाही आणि तोंड तेवढं कडू होईल. आत्ता फक्त जाऊन बसा, चहा घ्या, आप्पांच्या वहीतली बाकी वाचून दाखवा आणि सही घ्या. व्याज लावू नका, आप्पांनी लावलेलं दिसत नाही. पैसे दिवाळीनंतर, आणि ज्यांचं तेव्हाही जमलं नाही त्यांचे आखाजीला, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, सालसुद्धा आपल्याकडे आखाजीलाच फिरतं, हिशोबाचा तो दिवस सगळ्यांच्या अंगवळणी आहे. मुदतीबाहेरचं आलं तर आलं. पण बरेच जण देतील बघा, खेड्यात वहीतलं नाव कोर्टापेक्षा जड असतं.

जामिनाचं प्रकरण मात्र माझ्या जिव्हाळ्याचं, म्हणजे जखमेचं आहे. माझे सासरे भुसावळचे, त्यांनीही एका मित्रासाठी एका पतसंस्थेत सही केली होती, नाव नको. मित्राने हप्ते थांबवले आणि नोटीस आमच्या दारात, सासूबाईंच्या पाटल्या गेल्या त्यात. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे, कर्जदाराएवढीच त्याची जबाबदारी, संस्था आधी कर्जदाराच्या मागे लागेल मग तुमच्याकडे येईल असंही नाही, ती थेट येऊ शकते. जामीनदार वारला म्हणून जुनं देणं पुसलं जात नाही. पण वारसांकडून वसुली होते ती आप्पांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच, तुमच्या स्वतःच्या कमाईवर नाही. बापाचं कर्ज फेडणं हे पोराचं धर्मकर्तव्य म्हणून त्याच्या मानेवर टाकायचा जो जुना नियम होता तो हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरता संपवला. हे कुणी भावनेच्या भरात विसरायला लावेल तुम्हाला. वकिलाकडून नोटिशीला लेखी उत्तर द्या, मूळ कर्जदाराचा खातेउतारा मागा, आणि संस्थेच्या ऑफिसात जाऊन कुठल्याही नव्या कागदावर सही करू नका. "फक्त पोच म्हणून करा" म्हणतील. तरी नाही. आणि एक फेरी त्या दोघा कर्जदारांच्या घरी मारा, आईला घेऊन. आईने काही बोलायचं नाही, नुसतं ओट्यावर बसायचं.

वैकुंठरथ कुणाच्या नावावर आहे? आप्पांच्याच असणार. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओत तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो, तुम्हाला दहा-अकरा महिने झाले. उद्या रस्त्यात काही झालं, विमा कंपनीने हात वर केले, तर सेवा बाजूला राहील आणि तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. आधी कागद करा, तोवर गाडी उभी राहिली तरी चालेल, लोक बोलतील, बोलू द्या. कागद झाले की ती तुमच्या गावातल्या एखाद्या नोंदणी झालेल्या मंडळाला देऊन टाका, ड्रायव्हर-डिझेलसकट त्यांनी चालवायची, तुम्ही वर्षाला काय ती मदत करा आणि पावती घ्या. हो, दुकानाची लायसनं पण बघा, बियाणं, खत, औषध तिन्हींची वेगवेगळी असतात आणि औषधाच्या लायसनला शिक्षणाची अट आहे. मालक गेल्यावर जीएसटीचा नंबरही नवा घ्यावा लागतो. सीएने केलं असेलच, तरी विचारा.

गावाचं काय काय चालू ठेवायचं, तर सगळं नाही. एक धरा. मी तुमच्या जागी असते तर रक्तदान धरलं असतं, त्याला पैसा कमी आणि घाम जास्त लागतो, आणि तुमच्याकडे पैसा कमी आहे पण दुकानावर येणारी तरणी पोरं भरपूर आहेत. फक्त एक करा, आप्पांच्या पुण्यतिथीला एकाच दिवशी विक्रम करायच्या नादी लागू नका. रक्ताची पिशवी पाच-सहा आठवड्यांच्या वर टिकत नाही, एकदम शेकडो बाटल्या गोळा केल्या आणि मे महिन्यात, जेव्हा कॉलेजं बंद, लग्नं जोरात, ऊन पंचेचाळीसच्या घरात आणि ब्लड बँकेत खडखडाट, तेव्हा काहीच नाही, असं होतं. वर्षाचे दोन-तीन भाग करा, एक उन्हाळ्यात ठेवाच. पुरुषाला तीन महिन्यांनी परत देता येतं, बाईला चार महिन्यांनी, वय अठरा ते पासष्ट आणि वजन पंचेचाळीस किलोच्या वर पाहिजे. यादी करून ठेवली की रात्री दोन वाजता कुणाचा फोन आला तर पैसे नाही, पण माणूस नक्की देता येतो.

पाणपोई मला सोडवत नाही खरं तर, स्टॅण्डवर उतरून रांजणाचं पाणी प्यायलेली मीही आहे. पण पाणपोई म्हणजे दोन वेळा भरायला आणि रांजण घासायला माणूस, त्याचा पगार. व्यापारी असोसिएशनला सांगा की महिना महिना वाटून घ्या. नाही घेतला तर नाही.

तुमच्या गावच्याच दोन गोष्टी सांगते, तुम्हाला माहीत असतील तरी. लोक आप्पांना "आमचे प्रतापशेठ" म्हणायचे असं तुम्ही लिहिलंय. प्रतापशेठजी म्हणजे इथले मिलमालक. त्यांनी १९१६ साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर काढलं, त्यांच्या नावाच्या शाळेत १९२४ ते ३० साने गुरुजी मास्तर होते, १९४५ ला कॉलेज निघालं. या सगळ्याला घटना होती, समिती होती, निधी होता, ते शेठजींच्या गल्ल्यातून रोज संध्याकाळी निघणारे पैसे नव्हते. म्हणून ते आजही आहे आणि त्यासाठी कुणाच्या पोराला रात्रीची झोप घालवावी लागत नाही. आप्पांच्या मागे मिल नव्हती, गल्ला होता, आणि गल्ला माणसाबरोबर जातो. यात आप्पांना कमी लेखायचं नाही मला, उलट बियाण्याच्या दुकानातून एवढं केलं म्हणजे केवढी ओढाताण झाली असेल.

दुसरी गोष्ट विप्रोची. त्याच १९४५ साली प्रेमजींनी अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ मधे ते अचानक गेले, पोरगा अझीम एकवीस वर्षांचा, अमेरिकेत शिकत होता, शिक्षण टाकून परत आला. आणि त्याने पुढे काय केलं, तर तुपाच्या कंपनीतून कॉम्प्युटरची कंपनी काढली. अमळनेरातल्या ज्या लोकांकडे जुने शेअर होते त्यातले कितीतरी करोडपती झाले, हे तर गावातलं पोर पण सांगतं. "वडील असते तं तूपच विकलं असतं" असं काही कुणी त्याला म्हटल्याचं ऐकलं नाही मी. तुम्ही काही विप्रो काढा असं नाही म्हणत हो. उद्या औषधं बंद करून ठिबकचं दुकान टाकावंसं वाटलं, तर आप्पांच्या फोटोकडे चोरासारखं बघू नका, एवढंच.

नगरपालिकेचं थोडक्यात, उभे राहू नका. निदान या फेरीला नाही. लोक तुम्हाला नाही, आप्पांना मत देणार आहेत आणि मग गटार तुंबली की शिव्या मात्र तुम्हालाच. चौदा लाख उधारीत असताना निवडणूक लढवणारा माणूस दुसऱ्या निवडणुकीपर्यंत दुकानात दिसत नाही, मी पाहिलेत असे.

राहिली स्मरणिका. "दानशूर, कर्मयोगी" हे शब्द फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमधे तयारच असतात, वाढदिवसाला आणि श्रद्धांजलीला तेच, फक्त फुलांचा रंग बदलतो. ते खोडा. दुकानातले हमालकाका आहेत ना, ज्यांचं वाक्य तुम्ही पत्रात दिलंय, "आप्पा गयात पन वही ऱ्हायनी", त्यांच्यापाशी बसा एक संध्याकाळ. कुंभाराकडे जा. रथाच्या ड्रायव्हरला विचारा की आप्पा गाडीत पुढे बसायचे की मागे. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की काहीही असो, रात्री साडेआठला आप्पा घरी जेवायला असायचे आणि हिवाळ्यात एक रविवार मळ्यात भरीत ठरलेलं, वांगी ते स्वतः काड्यांवर भाजायचे आणि कळण्याची भाकरी दुसऱ्या कुणी थापली तर नावं ठेवायचे. हे लिहा ना. माणूस गावासाठी झटला आणि घर वाऱ्यावर सोडलं असं पुष्कळांचं असतं, तुमच्या आप्पांचं तसं नव्हतं आणि त्याचा पुरावा ती साडेआठची वेळ आहे, पहिल्या ओळीतला घरखर्च आहे.

सातव्या फोटोतलं पान छापा स्मरणिकेत. "शिल्लक नाही, पुढच्या महिन्यात या." भाऊ पुण्याहून फोन करून ओरडतील, छापाच. ज्यांची फी भरली त्या पोरींची नावं मात्र झाका, त्यातली एखादी आज नर्स असेल, मास्तरीण असेल, तिच्या सासरी ते पान जायला नको.

आणि आता शेवटचं, हे मी दुसऱ्यांदा फोटो बघताना दिसलं. नवव्या फोटोत धर्मादायाच्या हिशोबाखाली, अगदी तळाशी, शाई पण वेगळी, "सौ. कडून उसने ५००". पाचव्यात पण आहे, तिथे ३००. दुसऱ्या फोटोत कोपरा कापला गेलाय पण "सौ. क" एवढं दिसतंय. म्हणजे महिन्याचा आकडा संपला आणि दारात नाही म्हणता येणार नाही असा कुणी उभा राहिला की आप्पा आत जाऊन आईकडून घ्यायचे. उसने, असं स्वतः लिहिलंय त्यांनी. परत केल्याची नोंद मला नऊ फोटोंत कुठे दिसली नाही. सगळी वही काढा, पहिल्या पानापासून, आणि सौ. चं खातं वेगळं मांडा, किती होतंय बघा. दिवाळीनंतर वसुलीचे पहिले पैसे येतील ते त्या खात्याला जाऊ द्या. आई नको म्हणेल, आप्पांच्या अक्षरातलं पान तिला दाखवा. आणि घरखर्चाच्या ठरलेल्या पैशातून ती ते पाचशे काढायची कशी ते विचारा तिला, मला पण कळवा.